मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को विमानाचं अंतर हाताने कसं काढायचं?

भूगोलाच्या बाई

नमस्कार मंडळी. मी वाईकडच्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. आमच्या वर्गातल्या एका मुलाची मावशी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, ती यंदा दिवाळीला येणारे, तर त्याने विचारलं की बाई मावशीचं विमान किती किलोमीटर उडून येतं. मी म्हटलं चला मोजूया, भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहेच. एका गटाने पट्टी लावली ती मुंबईपासून डावीकडे, आफ्रिका मग अटलांटिक मग अमेरिका अशी, आणि खाली दिलेल्या प्रमाणाने गुणून उत्तर आणलं साधारण २१,८०० किमी. दुसरा गट म्हणाला पृथ्वी गोल आहे ना, मग उजवीकडून पॅसिफिकवरून जाऊ, त्यांनी नकाशाच्या दोन्ही कडा जोडून मोजलं तर १८,४०० च्या आसपास आलं. घरी येऊन नेटवर पाहिलं तर सगळीकडे १३,५०० च्या जवळपासचे आकडे. आणि मुलाच्या मावशीने फ्लाइट ट्रॅकरवर (विमान कुठून कसं गेलं ते दाखवणाऱ्या साइटवर) पाहून कळवलेला आकडा त्याहूनही मोठा!

मला साइटवर दोन विमानतळांचे कोड टाकून मिळणारं उत्तर नकोय, ते मुलंसुद्धा काढतील. ते येतं कसं हे वर्गात करून दाखवायचंय. अडचण एवढीच की आठवीला त्रिकोणमिती नाही आणि नववीला नुसती तोंडओळख आहे. आणि ट्रॅकरचा आकडा वेगळा का, हेही मुलांना नीट सांगता आलं पाहिजे. कुणी मदत कराल का?

कृष्णाकाठ

बाई, मुलांनी मोजलं हे फार छान केलं. आता ते २१,८०० फळ्यावर लिहा आणि विचारा की हे उत्तर बरोबर असू शकतं का. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी आहे, म्हणजे जगातली कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून जास्तीत जास्त २०,००० किमीवर असू शकतात, त्याहून लांब गेलात तर उलट्या बाजूने गेलेलं जवळ पडतं. काहीच गणित न करता पहिला आकडा बाद होतो. विमानप्रवासाचं कुठलंही अंतर समोर आलं की ही पहिली परीक्षा लावायची सवय मुलांना लागली तर फार बरं.

नकाशावर पट्टी चालत नाही कारण खाली दिलेलं प्रमाण फक्त विषुववृत्तापाशी खरं असतं. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी, ६० अंश उत्तरेला तेवढाच एक अंश निम्म्यावर येतो, ध्रुवावर तर शून्य. नकाशाने ते सगळं ताणून सारखं केलंय, म्हणून वरच्या भागातलं अंतर फुगलेलं दिसतं आणि वरून जाणारी वाट लांबची वाटते, ती प्रत्यक्षात जवळची असते.

पृथ्वीगोल आहे ना शाळेत? मग दोरा घ्या. न ताणणारा पाहिजे, शिवणाचा जाडसर दोरा चालतो, लोकर नको. एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोन्हीकडून ओढून ताठ करायचा. मुलं आधी सवयीने पॅसिफिकच्या मधून आडवा लावतील. ताठ ओढला की तो आपोआप घसरत वर सरकतो आणि आर्क्टिकमध्ये जाऊन बसतो, हे मुलांना स्वतःच्या बोटाखाली होताना दिसलं पाहिजे, सांगून उपयोग नाही. मग खुणा करून दोरा पट्टीवर मोजा. गोल ३० सेमी व्यासाचा असेल तर घेर ९४ सेमी भरतो, म्हणजे १ सेमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. दोरा ३२ सेमीच्या किंचित आत येईल, गुणून बघा. तुमचा गोल वेगळ्या मापाचा असेल तर आधी विषुववृत्तावर टेप फिरवून घेर मोजा आणि त्यावरून प्रमाण काढा, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आकडेमोड

दोऱ्याला माझं पूर्ण अनुमोदन, पण नववीच्या हुशार मुलांसाठी आणि बाईंसाठी हिशोबही टाकून ठेवतो, कारण दोऱ्यात शंभर-दीडशे किमी इकडेतिकडे होतातच.

लागतात फक्त चार आकडे. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३७ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, हे विसरायचं नाही. तर दोघांच्या रेखांशातला फरक १९५.२४ अंश.

सूत्र असं:
कॉस(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कॉस(अक्षांश १) × कॉस(अक्षांश २) × कॉस(रेखांशातला फरक)

आता आकडे घालू. पहिला भाग ०.३२७० × ०.६१०४ = ०.१९९६. दुसरा भाग ०.९४५० × ०.७९२१ × (−०.९६४८) = −०.७२२२. बेरीज −०.५२२६. ज्या कोनाचा कॉस एवढा असतो तो कोन १२१.५ अंश. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रात बसून एक हात मुंबईकडे आणि दुसरा सॅन फ्रान्सिस्कोकडे केला तर दोन हातांत १२१.५ अंशांचा कोन होतो. पूर्ण ३६० अंशाला ४०,०३० किमी (त्रिज्या ६,३७१ धरून), म्हणजे एका अंशाला १११.१९. गुणाकार केला की १३,५१० किमी. साइटवाले हेच करतात, काही जण पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे तेही हिशोबात घेतात, म्हणून दोन साइटवर थोडा फरक दिसतो. पृथ्वी पूर्ण गोल धरल्याने होणारी चूक जास्तीत जास्त अर्धा टक्का, शाळेसाठी विषय संपला.

एक्सेलमध्ये करणार असाल तर तिथे साइन-कॉसला अंश चालत नाहीत, आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदलून घ्यावे लागतात, नाहीतर उत्तर काहीच्या काही येतं. दुसरं म्हणजे विमानतळाचे अक्षांश-रेखांश बऱ्याच ठिकाणी अंश आणि मिनिटांत दिलेले असतात. ३७ अंश ३७ मिनिटं म्हणजे ३७.३७ नाही. ३७ भागिले ६० केलं की ०.६२, म्हणून ३७.६२. इथे गोंधळ झाला तर विमानतळच २८ किमी दक्षिणेला सरकतो. आणि उणे चिन्ह राहिलं तर उत्तर ५,२०० किमी येतं, कारण मग तुम्ही सॅन फ्रान्सिस्को नाही तर चीनच्या शांडोंग किनाऱ्यालगतच्या पिवळ्या समुद्रातल्या एका जागेचं अंतर काढलेलं असतं. मुलांना मुद्दाम उणे काढून करायला लावा आणि ती जागा गोलावर शोधायला सांगा, चिन्हाचं महत्त्व कायमचं पटेल.

जवळच्या दोन जागा असतील, म्हणजे मुंबई-पुणे वगैरे, तर हे सूत्र वापरू नका, कोन इतका लहान होतो की कॉस १ ला चिकटतो आणि चार दशांश स्थळांत काही उरत नाही. तिथे हॅवरसाइन सूत्र लागतं. लांबच्या विमानतळांना वरचंच पुरतं.

रात्रपाळी डिस्पॅच

मी फ्लाइट डिस्पॅचला काम करतो, म्हणजे विमान निघायच्या आधी त्याचा रूट आणि इंधन ठरवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून ट्रॅकरच्या आकड्याबद्दल मी सांगतो.

वर काढलेलं १३,५१० हे जमिनीवरचं सगळ्यात कमी अंतर, आम्ही त्याला ग्रेट सर्कल म्हणतो, तुमच्या पुस्तकात बृहत्‌वृत्त असेल. आम्ही किमी नाही, नॉटिकल मैल वापरतो, आणि त्यात एक सोय आहे जी मुलांना आवडेल. एक नॉटिकल मैल म्हणजे पृथ्वीच्या घेराचा एक मिनिट कोन. त्यामुळे १२१.५ अंश गुणिले ६० केलं की थेट ७,२९० नॉटिकल मैल, दुसरं काही करावंच लागत नाही. एक नॉटिकल मैल १.८५२ किमीचा.

पण त्या रेषेवरून विमान जवळजवळ कधीच जात नाही. मुंबईहून निघालेली ही रेषा गोलावर बघा, राजस्थानातून चित्तोडगडच्या जवळून वर जाते, मग लेहच्या अगदी शेजारून, पुढे काराकोरम ओलांडून चीनच्या शिनजियांगमध्ये. आता तिथे केबिनचं प्रेशर गेलं असं समजा. विमानाला ताबडतोब १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो, आणि खाली डोंगरच २०,००० फुटांच्या वर आहेत, उतरणार कुठे? म्हणून हिमालय-तिबेटचा उंच पट्टा शक्यतो वळसा घालून टाळतात, आणि जायचंच असेल तर सुटकेच्या वाटा आधी आखून ठेवाव्या लागतात. त्यात कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे हा प्रश्न. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद. एकाच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळी अंतरं कापतात ती यामुळेच. शिवाय टेकऑफनंतर आणि उतरताना ठरलेल्या वाटेने फिरावं लागतं, त्यातही भर पडते. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) कार्बन हिशोबात तर ५,५०० किमीपेक्षा लांबच्या प्रवासाला सरळ १२५ किमी जास्तीचे धरतात, वळसे आणि घिरट्या गृहीत धरून.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वारा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेली. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ग्रेट सर्कल सुमारे १२,४०० किमी आहे. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० होती आणि ही पॅसिफिकची तर १५,३००, तरी वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी. का? तर वरच्या हवेतले वेगवान वारे, जेट स्ट्रीम, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीमागून मिळाले. हिशोब करून बघा, १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे ताशी १,०५५ किमी, एवढा वेग हवेतल्या हवेत विमानाचा नसतोच. विमान हवेतून ताशी ९०० ने गेलं असं धरलं तर त्याने हवेत कापलेलं अंतर फक्त १३,०५० किमी, बाकीचं वाऱ्याने ओढून नेलं. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतराचं. म्हणून आमच्या प्लॅनवर जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर असे दोन वेगळे रकाने असतात, आणि रोज रात्री वाऱ्याचा अंदाज आला की दोन्ही बदलतात. ट्रॅकर दाखवतो ते त्या दिवशी जमिनीवरून प्रत्यक्ष कापलेलं अंतर. मावशीच्या येतानाच्या आणि परतीच्या फ्लाइटचे आकडे मुलांना लिहून ठेवायला सांगा, सारखे येणार नाहीत.

माइनकाठ

मी फ्रँकफर्टला असते. इकडे या अंतराला कायद्याचा अर्थ आहे म्हणून लिहितेय, बाईंना वर्गात सांगायला उदाहरण होईल. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, फ्लाइट खूप उशिरा पोचली किंवा ऐनवेळी रद्द झाली तर प्रवाशाला भरपाई, आणि ती किती हे अंतरावर ठरतं. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, त्याच्या पुढच्या टप्प्यांत ४०० आणि ६००. त्यात स्पष्ट लिहिलंय की अंतर ग्रेट सर्कलनेच मोजायचं. विमान वळसा घालून कसंही गेलं तरी त्याचा संबंध नाही.

२०१७ मध्ये युरोपियन न्यायालयात यावर निकालही झाला. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणारे प्रवासी होते, दोन टप्प्यांची बेरीज १,६५६ किमी, पण रोम-हॅम्बुर्ग सरळ १,३२६. न्यायालय म्हणालं पहिलं विमानतळ आणि शेवटचं विमानतळ यांतलं सरळ अंतर धरा, म्हणजे २५० युरोच. वर आकडेमोड दादांनी दिलेलं सूत्र लावलं की कुणालाही घरबसल्या आपला टप्पा तपासता येतो, कंपनीच्या ईमेलवर अवलंबून राहायला नको. माझ्या ओळखीतल्या दोघांना आधी कमी टप्प्याची रक्कम सांगितली होती, त्यांनी अंतराचा हिशोब जोडून पाठवल्यावर पूर्ण मिळाली.

भूगोलाच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोरा करून पाहिला. आमच्या गोलाचा घेर ७८.५ सेमी भरला, म्हणजे २५ सेमी व्यासाचा असणार, आणि दोरा साडेसव्वीस सेमी. गुणलं तर १३,५०० आलं! मुलांचा विश्वासच बसेना, तिघांनी पुन्हा पुन्हा मोजला. लेहवरून जातो म्हटल्यावर सगळे गोलाभोवती गोळा झाले.

आता त्यांचे पुढचे प्रश्न. दोरा उत्तरेला नेमका किती वर जातो? ध्रुवावरून का नाही जात? आणि एका मुलीने आठवण काढली की बेंगळुरूला येणारं विमान उत्तर ध्रुवावरून गेल्याची बातमी होती, ते कसं?

आकडेमोड

दोरा ७६.७ अंश उत्तरेपर्यंत जातो, सायबेरियाच्या वर पूर्व सायबेरियन समुद्रात, साधारण १५८ पूर्व रेखांशाजवळ. काढायची रीत सोपी आहे. मुंबईतून निघताना विमान बरोबर उत्तरेला नाही तर १४ अंश पूर्वेकडे झुकून निघतं. साइन(१४.१) × कॉस(१९.०९) करा, ०.२३ येतं, ते ज्या अक्षांशाचं कॉस आहे तो सगळ्यात वरचा अक्षांश. तिथून रेषा खाली वळते ती अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर येते, मग कॅनडाचा पश्चिम किनारा धरून सॅन फ्रान्सिस्कोला.

ध्रुवावरून जायला रेखांशातला फरक बरोबर १८० अंश लागतो, म्हणजे दोन शहरं समोरासमोरच्या रेखावृत्तांवर पाहिजेत. मुंबईचा फरक पूर्वेकडून १६४.८ (३६० वजा १९५.२), म्हणून ध्रुवाच्या जवळून जातं पण ध्रुवावरून नाही. बेंगळुरूचा फरक १५९.९, १८० पासून आणखी लांब, म्हणून बेंगळुरूचा दोरा ७१ अंशांपर्यंतच चढतो. मुंबई उत्तरेला आहे म्हणून जास्त वर जातं असं मुलांना वाटेल, पण इथे रेखांशच मुख्य आहे.

रात्रपाळी डिस्पॅच

ती बातमी जानेवारी २०२१ ची, एअर इंडियाची सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू पहिली फ्लाइट, कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक. बातम्यांत आलेला १३,९९३ किमी हा आकडा सरळ अंतराचा आहे, विमान प्रत्यक्षात ध्रुवावरून आलं. दोऱ्याची वाट आणि उडायची वाट वेगळी असते ते यातही दिसतं.

कृष्णाकाठ

बाई, मग या ध्रुवाच्या वाटेचाच उपयोग करा, त्यात साइन-कॉस काहीच लागत नाही, आठवीच्या मुलांना वजाबाकीवर जमेल. ध्रुवावरून जायचं म्हणजे दोन सरळ तुकडे, दोन्ही रेखावृत्तावरून. मुंबई १९.१ अंशावर, ध्रुव ९० वर, अंतर ७०.९ अंश. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ वर, तिथून ध्रुव ५२.४ अंश. बेरीज १२३.३. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे १३,७१० किमी. खरं सगळ्यात कमी अंतर १३,५१०. ध्रुवावरून गेलं तरी फक्त दोनशे किमी जास्त!

बेंगळुरूचंही मुलांकडून करून घ्या. बेंगळुरू १३.२ अंशावर, ध्रुवापर्यंत ७६.८, अधिक ५२.४, एकूण १२९.२ अंश, म्हणजे १४,३७० च्या आसपास. सरळपेक्षा पावणेचारशे किमी जास्त, एवढ्या लांबच्या प्रवासात हे अर्ध्या तासाचंही उड्डाण नाही, वारा बरा मिळाला की भरून निघतं.

वर्गात मग मुलांना जगातल्या शहरांच्या जोड्या शोधायला सांगा ज्यांच्या रेखांशात १५० ते १८० अंशांचा फरक आहे आणि दोन्ही उत्तर गोलार्धात आहेत. फरक १८० च्या जितका जवळ आणि शहरं विषुववृत्तापासून जितकी लांब, तितकी ही ध्रुवाची वजाबाकी चांगली चालते, उत्तर जास्त येतं पण कमी कधीच येत नाही. दिल्ली-शिकागोचा फरक १६५ अंश आहे, तिथून सुरुवात करा, आणि प्रत्येक जोडीचं उत्तर दोऱ्याने पडताळून घ्या.